सव्वीस

टायरवरचा आकडा कधीच झिजलेला.
मडगावात म्हणाले, "सव्वीस ना? हा घ्या."
घरी आणला, रिमवर बसेना.
सव्वीस आणि सव्वीस
सावत्र भावांसारखे,
आडनाव तेवढं एक.

मग सुतळी घेतली,
रिमच्या खोबणीतून फिरवली,
गाठ मारून खिशात टाकली.
सावर्डे, केपे.
दुकानदार आधी सुतळीकडे बघत,
मग माझ्याकडे.

कुडचड्याच्या इनासने चष्मा पुसला,
माळ्यावरून एक धुळीसकट ओढला,
कडेचे बारीक आकडे नखाने खरवडले:
पाचशे नव्वद.
"भायलो आंकडो सांगपाक,
भितरलो बसपाक."

पैसे दिले.
सुतळी तेवढी परत मागून घेतली.

आता ती दुधीच्या वेलाला.
गाठ सोडली नाही.