कलम सहा

करारात एक ओळ आहे.
सरासरी, टक्केवारी, उन्हाळी पातळी यांच्या गर्दीत
ती एकटीच जरा वेडसर:
पावसाळ्यात तोन्ले साप नदी उलटी वाहावी,
स्वीकारार्ह आणि नैसर्गिक इतकी उलटी.

मी दुभाषी. दिवसाचे पैसे आणि एक जेवण.
जिनिव्हाच्या बाईंचं बोलणं
मला कोम्पोंग प्रेंगच्या तरंगत्या शाळेत
गावाच्या तोंडात घालायचं आहे.
बाकांवर बेचाळीस माणसं, एक टोपलीतली कोंबडी,
फळ्यांच्या फटीतून दिसणारं पाणी.
जुलै संपत आला. एव्हाना ते
दोन पुरुष तरी खोल हवं होतं.

"स्वीकारार्ह"पाशी मी अडखळते.
आमच्या बोलीत तसा शब्द नाही.
चालेल आहे. सोसेल आहे.
मी "सोसेल" म्हणते.
म्हातारा ता न्हेम लगेच विचारतो,
कोणाला?

बाई कागद चाळतात. भल्या आहेत बाई.
म्हणतात, ते अजून ठरायचं आहे.
सही झाली त्या वर्षी जन्मलेली यिन सोपियाप
मागच्या बाकावर तिसऱ्या लेकराला पाजते आहे.

ता न्हेम उभा राहत नाही, पायात काटा गेलाय.
बसूनच सांगतो:
पाणी वळायचं ना, त्याआधी वास यायचा.
मग बांधलेल्या होड्या एकेक करून तोंड फिरवायच्या,
हाक ऐकलेल्या गुरांसारख्या.
आई चुलीपासून न हलता म्हणायची, आला पाहुणा.
मग तळं फुगायचं, रान पाण्यात उतरायचं,
मासे फांद्यांवर चढायचे,
हो, फांद्यांवर, रिआंगची फळं खायला,
आणि आम्ही झाडाच्या शेंड्याला होडी बांधून
खाली बघत बसायचो
पक्ष्यांसारखे.

बाई माझ्याकडे बघतात.
मी सांगते: परिसंस्थेतील हंगामी पूर.
जिभेवर वाळू लागते.

वरच्या अंगाला धरणं आहेत. किती, ते बाईंकडे छापील आहे.
सह्या चौघांच्या. उगमाकडचे दोघे
बैठकीला येतात, चहा घेतात,
थोडे आकडे देतात, सही देत नाहीत.
पूर्वसूचना, सल्लामसलत, वाजवी वाटा:
मी एकेक शब्द पुढे ठेवते,
आणि बायका त्याला बाजारातल्या माशासारखं
उलटून बघतात, कल्ले उघडून बघतात.

"लक्षणीय हानी" सगळ्यात जास्त वेळ हातोहाती फिरते.
किती गेलं म्हणजे लक्षणीय?
आणि मोजायचं कशात, सोपियाप विचारते.
तिच्याकडे प्राहोकचे अकरा माठ. यंदा चार भरले.
पाण्यात उभं राहणारं रान
त्या कोरड्या वर्षी पेंढ्यासारखं जळलं,
त्याचं माप काय?
नवरा सीमेपलीकडे विटा वाहतो,
तो कुठल्या रकान्यात?
बाई लिहून घेतात. खरंच लिहून घेतात,
बारीक, घाईच्या अक्षरात, समासात:
माठ अकरा, भरले चार.

मग कोणीतरी विचारतंच.
दाद कुठे मागायची? कोर्ट आहे?
मी बाईंना विचारते, बाई मला सांगतात, मी गावाला:
आधी समिती. तिथे नाही जमलं तर सरकारं.
सरकारांना नाही जमलं तर मध्यस्थ,
दोन्हीकडून हो आलं तर.
नाहीतर पुन्हा बोलणी.
ता न्हेम काट्याच्या पायावर हात ठेवून हसतो.
म्हणजे उलटा वाहतोय तो कागद.

हे मी भाषांतरित करत नाही.
बाई विचारतात, काय म्हणाले आजोबा?
मी म्हणते, आभार मानतायत.

जेवणात भात आणि तळ्यातल्या पिंजऱ्यात वाढवलेला मासा.

रात्री मला शब्दसूची पाठवायची होती,
एका बाजूला करारातला शब्द, दुसऱ्या बाजूला आमचा.
"स्वीकारार्ह"पुढे मी लिहिलं: सोसेल,
आणि कंसात: कोणाला?
सकाळी निरोप आला, कंस काढा,
सूचीत प्रश्न चालत नाहीत.

अजून काढलेला नाही.
परतताना धक्क्याशी होड्या मोजल्या होत्या, सतरा.
सगळ्यांची तोंडं अजून तळ्याकडेच होती.
एकीच्या टोकावर एक पोरगं
पाण्यात काडी टाकून बघत होतं
कुठे जाते.