अर्धा मार्क

चार दिवस शेंगाचटणी बंद.
कांदा बंद, तंबाखू तर बंदच.
बायको म्हणाली, उपास कसला धरलाय?
म्हटलं, बिअरचा.

अक्कलकोट रोडला नरहरी गुंडेटीचं शेड.
त्याच्या बापाच्या वेळी इथं सोळा माग होते.
आता स्टीलच्या पाच टाक्या,
आणि फरशीतून मागांचे बोल्ट अजून वर आलेले,
न बघता चाललं की अंगठा फुटतो.
एकतीस वर्षं मी पलीकडच्या डाईंगमध्ये मास्तर.
टॉवेल धुवून, घासून, उन्हात टाकून
रंगाला नंबर द्यायचो, एक ते पाच.
पाच आयुष्यात दोनदा दिला.
"म्हणून तर तुम्हाला बोलावलं, काका," नरहरी म्हणाला.
संध्याकाळपर्यंत हे तो विसरणार, मला माहीत होतं.

बाहेर त्रेचाळीस. आत कूलर घरघरतोय.
पाच ग्लास, प्रत्येकाखाली चिठ्ठी,
आणि माझी जुनी शेड-वही,
जिच्यात मोरपंखी धाग्याची एक लड अजून चिकटलेली.

एक नंबर, गव्हाची.
गढूळ, पण लबाड नाही.
आधी केळ्याचा वास, मागून लवंगेचा,
पंगतीत पाठीमागं कुणी विडा चघळत बसल्यासारखा.
सात.

दोन नंबर बाजूला ठेवला. त्याचा रंग बघूनच ठेवला.

तीन नंबर कडू.
"हॉप्स," नरहरी म्हणाला, "लांबून मागवलेत."
म्हटलं, कडुलिंब तर दारातच आहे की रे.
तो हसला नाही. साडेपाच.

चार नंबर काळी.
ओठाला लावली आणि बॉयलर पेटला.
मल्लेशी आठवला, कोळसा ओढता ओढता
असला कोरा चहा प्यायचा
की दुसरं कुणी त्यातला घोट मागायचं नाही.
आठ लिहिले.
मग वाटलं, ह्यातला एक मल्लेशीचा आहे.
खोडून सात केले.

पाचव्यात चिंच आणि मीठ.
ही चाखायची नव्हेच, प्यायची.
प्यायलो. नंबर राहूनच गेला.

मग दोन नंबर.
मालदांडी ज्वारी,
भिजवून, मोड आणून, भाजून.
रंग कडक भाकरीच्या पापुद्र्याचा.
पहिल्या घोटात काही नाही.
दुसऱ्यात धूर.
आणि गिळल्यावर, बऱ्याच उशिरा,
तव्यावरच्या भाकरीवरून पाण्याचा हात फिरवला की
जो वास उठतो ना, तो.
मी डोळे मिटले. नरहरीनं कूलर बंद केला.

"पाणी कुठलं?"
"टँकरचं. फिल्टर करतो, काका."
"किती लागतं?"
"दिवसाआड एक टँकर."
आमच्याकडं नळ पाचव्या दिवशी येतो.
बोळाच्या तोंडाशी तो टँकर वळताना
बायका घागरी खाली ठेवून बघतात.
मीही बघितलंय.
वहीत लिहिलं, सहा.

"सहा? काय बोललालाव काका!
दीड वर्ष घातलंय ह्याच्यात!"
"रंग पक्का आहे. चवही पक्की आहे."
"मग?"
मग काय सांगणार.
टेबलावर त्यानं चटणीचा डबा ठेवलेला,
चार दिवसांनी उघडला, बोटानं चाटली.
जिभेवर शेंगदाणा बसला, लसूण बसला,
दिवसभराचा हिशेब उठून गेला.

रात्री दोनला नळ आला.
शकुंतला बादल्या लावत होती.
म्हटलं, पहिलं सोडून दे, लाल असतंय.
तिनं पहिलं कढीपत्त्याला घातलं,
नंतरच्यातला पेलाभर मला दिला.
क्लोरीन, गंज, तळाशी पाइपातली माती.
चार. तेही हात सैल सोडून.
तरी दुसरा पेला मागून घेतला.

मग फोन लावला.
पहिल्याच रिंगला उचलला.
"नरहरी, दोन नंबरला साडेसहा कर."
पलीकडून नुसता पाणी पडल्याचा आवाज, बराच वेळ.
"थांबा काका," म्हणाला, "पिंप बदलतो."