पडीची सफरचंदं

चांगली गेली पेट्यांतून,
ट्रकवर, ताडपत्रीखाली, बुडापेस्टला.
उरली ती पडीची:
एका अंगानं काळवंडलेली,
अळीनं आधीच चाखलेली.

एतेल्का ॲप्रनचा ओचा करून ती घरात आणते.
सुरी झिजून निम्मी झालीय, तरी तीच लागते तिला.
अळीचं घर कोरून काढते, कोंबड्यांना टाकते.
साल ठेवते. रंग सालीतच असतो, म्हणते.

पाणी, चार लवंगा, दालचिनीची काडी, लिंबाची चकती.
उकळी फुटते
आणि स्वयंपाकघराला सणाचा वास येतो.
सण कसला, मंगळवार आहे नुसता.

मग आंबट सायीत चमचाभर पीठ,
गुठळी मोडेपर्यंत घोटलेलं.
मग पातेलं दोरीला बांधून विहिरीत,
दुपारपर्यंत.

दुपारी तोडणीची माणसं बाकावर दाटीवाटीनं.
त्यात ओस्ताप, नवा, सीमेपलीकडचा.
इथली भाषा त्याला येते
पेट्या मोजण्यापुरती, चव्वेचाळीस, पंचेचाळीस.
सूप, एवढं त्याला कळलं,
म्हणून सवयीनं त्यानं मीठ घातलं.
दोन चिमटी.

चमचे थांबले.
वेंडेलनं मिशीत हसू दाबलं, तेही नीट दाबता येईना.
ओस्ताप जेवत राहिला, कान लालभडक,
वाडग्याचा तळ दिसेपर्यंत.

एतेल्कानं मिठाची वाटी पुढं ओढली,
आपल्या वाडग्यात एक चिमूट टाकली,
चाखलं.
"वाईट नाही," म्हणाली.
आणि तोंड
वाकडं होऊ दिलं नाही.