कडेवरची अक्षरं

गावच्या कमानीवर नावं कोरायची ठरली तेव्हा
पाथरवट म्हणाला, अक्षराला चाळीस रुपये,
काना-मात्रा फुकट.
वडिलांनी मला साताऱ्याला धाडलं.
आज्ज्याचा नंबर आण, पलटण आण,
हुद्दा नीट लिहून आण. शिपाईच असंल,
पण कागद बघ.

सैनिक कल्याणच्या बाई म्हणाल्या,
आमच्याकडं पासष्टच्या अलीकडचेच.
कोतवाल बुकाची नक्कल मिळाली, ती मोडीत.
मोडी वाचणारे सोनटक्के गुरुजी
राजवाड्याच्या मागं, तिसऱ्या मजल्यावर,
मोतीबिंदू काढून आठ दिवस झालेले.
त्यांनी कागद पार नाकाला लावला.
गेनबा बिन मसू, वय अदमासे वीस,
सरकारी चाकरीस रवाना.
पुढं शाई पसरलेली.
"इथं एक 'प' आहे," ते म्हणाले. "पलटण असेल.
किंवा दुसरं काही."
चहाचे पैसे त्यांनीच दिले.

घरात त्याचा एकच फोटो.
मागं रंगवलेलं कारंजं, हातात बंदूक,
पायात दुसऱ्याच कुणाचे तरी बूट.
लहानपणी दसऱ्याला आम्ही त्या बंदुकीला
काचेवरूनच कुंकू लावायचो.
या खेपेला काच पुसून भिंग धरलं
तर नळीला भोकच नाही.
सबंध लाकूड.

बिल्ला वडूजच्या आत्याकडं,
जुन्या दातांच्या कवळीसोबत एका डबीत.
चांदीचा होता, सावकारानं बदलून काशाचा दिला,
असं आमच्यात सांगतात.
सावकाराचं नाव मात्र प्रत्येक जण वेगळं सांगतो.
चिंचेचा कोळ लावून घासला.
राजाचं नाक झिजून गेलेलं,
पण कडेवर, बाजरीच्या दाण्याएवढी,
इंग्रजी अक्षरं निघाली.
बिल्ला फिरवत फिरवत वाचली.
नावाचं पार वाटोळं केलेलं, जेनाबू की काय,
आणि नावाच्या आधी, हुद्द्याच्या जागी,
भिस्ती.

आत्याला अर्थ विचारला नाही. ती आपणहून बोलली.
"उजवा खांदा उतरता होता त्याचा."
बंदुकीच्या धक्क्यानं, असं मी शाळेत सांगायचे,
बाई वर्गाला टाळ्या वाजवायला लावायच्या.
"आणि झोपेत ओरडायचा," ती म्हणाली,
"आलो, आलो, आलो."
आम्हाला वाटायचं, तो शत्रूवर चालून जातोय.

एसटी पुसेगावच्या पुढं आली
तरी मी ते तीन शब्द मोजत होते.
ज्या गावात बायका विहिरीच्या तळाशी
वाटी घेऊन बसायच्या, झरा भरेपर्यंत,
तिथला पोरगा बोटीत बसून बसऱ्याला गेला
आणि त्याच्या खांद्यावर दिलं पाणी.
तेही कातड्यात भरलेलं.
परत आल्यावर पंक्तीला कोण बसलं असतं शेजारी?
म्हणून मग पुण्यात की मुंबईत
आठ आणे मोजून लाकडाची बंदूक धरली असेल,
आणि 'प'वर कुणीतरी, कदाचित त्यानंच,
बोट ओलं करून फिरवलं असेल.
हे माझं. कागदात नाही.

वडील ओट्यावर पाय सोडून बसले होते.
सगळं ऐकून घेतलं.
"बंदूक नव्हतीच?"
नव्हती.
"मग मारलं न्हाई त्यानं कुणाला."
नाही.
त्यांनी बिल्ला तळहातावर उलटा केला, सुलटा केला,
खिशात घातला, परत काढला.
"पखालीत पाणी किती मावतं गं?"
मला सांगता आलं नाही.

तेवढ्यात खालच्या आळीला टँकरचा हॉर्न वाजला,
वडील उठले, बॅरलवरची फळी काढली,
पाइप धरायला कुणी येईना म्हणून
स्वतःच पळाले, चप्पल न घालता,
"आलो, आलो" म्हणत.

पाथरवटाचा फोन दोनदा येऊन गेलाय.
गेनबाच्या आधीची जागा त्यानं
तीन अक्षरांची सोडली आहे.
दोन बसतात का, विचारायचंय.