उत्तर येईपर्यंत

सड्यावर आमचं विमान एकच, दोन माणसांचं,
शेपटीवरचा रंग खाऱ्या वाऱ्याने सोललेला.
मी त्याच्या चाकांना लाकडी ठोकळे लावतो, काढतो.
पगार त्याचाच. बाकी वेळ धावपट्टीवरून गुरं हाकतो.

हनीफ वस्तांनी पहिल्या दिवशी
मला पंख्यापासून सहा पावलं मागे उभं केलं. म्हणाले,
घरात तार तुटली की दिवा विझतो.
हितं उलटं. मॅग्नेटोची तार तुटली
तर इंजिन मरायचं विसरतं.
चावी तुझ्या खिशात असली म्हणून काय झालं?
पातं बोटभर ढकललंस, आत चिमूटभर पेट्रोल उरलं असलं,
तर पंखा एक फेरा घेईल. एकच.
एक पुरतो.

मला हे अगदीच नवीन नव्हतं.
मिरकरवाड्याला आमच्या होडीचं इंजिन
बाबा हँडल मारून चालू करायचे.
सगळी बोटं एका बाजूला, अंगठासुद्धा,
मूठ वळायची नाही. इंजिन उलटं लाथाडतं तेव्हा
हात सुटला पाहिजे.
हे ते मला डाव्या हाताने दाखवायचे.
उजव्याचा अंगठा एका पहाटे
घाईत वळलेल्या मुठीत गेलेला,
तेव्हापासून तो कायम
दुसऱ्याच कुठल्या बंदराची दिशा दाखवत असे.

भाद्रपदात सडा निळा होतो.
सीतेची आसवं, कातळाच्या खळग्यांत थांबलेलं पाणी,
आणि त्यात तोंड घातलेली गुरं.
कीरांची दीप्ती सीटवर, तिचा अकरावा तास.
ब्रेक दाबलेले, खिडकी उघडी, लाल दिवा लुकलुकतोय.
तिने चारी बाजूंना मान वळवली आणि ओरडली,
पंखा मोकळा?

ओरडतात सगळेच.
सुट्टीत येणारे हौशी तर
ओरडता ओरडताच चावी फिरवतात,
दार ठोठावत ठोठावत आत शिरावं तसं.
दीप्ती विचारते. मग गप्प बसते.
त्या गप्प बसण्यात टिटवी ऐकू येते,
खाली खाडीत कोणाच्या तरी बोटीची धडधड.

मी उत्तर दिलं नाही.
का, ते मलाही आधी कळेना.
ठोकळे जागेवर. समोर कोणी नाही.
फक्त पंखाखालच्या सावलीला
दोन पाय जास्त होते.

छत्री काखेत, कोयती कमरेला,
म्हातारा शेपटीकडून आला थेट नाकापर्यंत
आणि पात्यावर हात टेकवून म्हणाला,
आमचा पाडा बगलास काय रं हितं?

दीप्तीने चावी उपसून खिडकीबाहेर धरली,
मला दिसेल अशी.
मी त्याचा हात उचलला,
चुलीवरच्या टोपावरून पोराचा उचलावा तसा.

पाडा धावपट्टीच्या टोकाला मिळाला.
हनीफभाईंनी वहीत काही लिहिलं नाही,
लिहिण्यासारखं झालंच नव्हतं.
म्हाताऱ्याला चहा दिला. तो विचारत होता,
ह्याचा वारा लागतो तरी किती?
हनीफभाई बशीत बघत म्हणाले,
फिरायला लागलं की पातंच दिसत नाही, इतका.

दीप्ती परत बसली. परत मान वळवली.
पंखा मोकळा?
मी वाकून सावल्या मोजल्या, शेपटीपर्यंत,
मग परत नाकापर्यंत.
ती थांबली होती.
टिटवी ओरडून थकली, तरी थांबली होती.