येंदू

बाड कोष्ट्याचं. बांधणीला चादरीचा काठ,
लाल-काळा, एका कोपऱ्यात उंदरानं वाचून संपवलेला.
आत मोडी. लिहिणार यल्लप्पा बिन सायबण्णा,
साखर पेठ, सोलापूर. शके — पुढचा आकडा कसरीच्या पोटात.

देवाचं एकही गाणं नाही. दोनदा पाहिलं,
कारण ग्रंथालयाच्या फॉर्मवर रकाना आहे: संप्रदाय.
आहे ते असं:
शेंगा भाजणारीच्या बोटांवर एक,
जकातनाक्यावर अडकलेल्या नवरदेवाचं एक,
सावकाराच्या बोक्यावर सतरा कडवी (बोका जिंकतो),
आणि मध्येच निळीचा हिशेब. दोन शेर. उधार.

कडवी पुरती आहेत. धृपद मात्र दर वेळी
चार अक्षरांवर सोडून दिलेलं.
पुढचं कशाला लिहायचं? झील धरणारे मागं उभे असायचे,
त्यांच्या तोंडात होतं ते,
आणि शाईला पैसे पडायचे.

चाळिसाव्या पानावर: येंदुकुरा.
मोडी शब्दांत फट ठेवत नाही.
मी फोडलं: येंदू, कुरा.
येंदू म्हणजे इंदू. लेखनिकाची जीभ जड असणार.
कुरा तिचं गाव असेल, नाहीतर आडनाव.
तीन आठवडे मी तिला शोधत होतो.
नाकात चमकी दिली, सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी घर दिलं,
एक तळटीपसुद्धा दिली, बऱ्यापैकी लांब.

आज बाडवाल्यांची आत्या, राजव्वा चिलवेरी,
मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती.
मी मोठ्यानं वाचत होतो, सवयीनं.
तिचा हात थांबला नाही.
“येंदुकु रा,” म्हणाली. “का रे, म्हणतीय ती.
आमची भाषा हाय की.”
आणि पुढची ओळ गुणगुणली,
तिच्या पुढची, विडीला दोरा आवळताना,
मग एकटीच हसली, पदर तोंडाला.
पुढं?
“पुढचं तुमच्यासमोर न्हाई.”

गेली इंदू. चमकीसकट, घरासकट.

फॉर्मवर ‘मराठी’पुढे ‘व तेलुगू’ घातलं.
‘धृपद अपूर्ण’ खोडलं.
संप्रदाय तसाच कोरा.
शेजारी यंत्रमाग सुरू झाला, पेन्सिल टेबलावरून घरंगळली.
राजव्वा जुडी मोजत होती: ओकटी, रेंडू, मूडू...
मी कागदाच्या कडेला ‘रेंडू’ टिपून ठेवलं.
कोण जाणे.