शुद्धिपत्र

सहाशे बारा पानं, वजन दीड किलोला थोडं कमी.
छापखान्यातून पहिली पेटी आली तेव्हा
उमेहारासाननी पुस्तक आधी हुंगलं,
मग कचेरीतल्या टपालाच्या काट्यावर ठेवलं.
"जन्मभर रद्दीत हिंडलो," म्हणाले,
"वजनाला तरी भरलो."

अठरा वर्षं हा माणूस
भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या, केव्हाच बंद पडलेल्या दुकानांचे
वारस शोधत फिरला.
दहा येनला दोन दिवस मिळायची ती चित्रांची पुस्तकं,
कोपऱ्यांना पोरांच्या बोटांचं तेल,
आत एखादं वाळून काच झालेलं शीत.
एका पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं:
पुढं काय होतं ते सांगू नका.
तेसुद्धा आम्ही छापलंय.

माझं काम विकायचं.
पुस्तकाच्या कमरेला पिवळी कागदी पट्टी,
पट्टीवर एक ओळ,
त्या ओळीपायी तीन रात्री भांडण.
मी लिहिलं, 'मांगाचा पहिला संपूर्ण इतिहास'.
त्यांनी 'संपूर्ण' खोडलं.
मी परत घातलं.
नुसत्या इतिहासाचे
चार हजार आठशे येन कोण मोजणार?

सेंदाईला तीस खुर्च्या मांडल्या, सात भरल्या.
त्यातला एक हीटरपाशी झोपायला आलेला.
निइगाताला प्रश्न आला एकच:
पार्किंगच्या पावतीवर शिक्का इथंच मिळतो का?
उमेहारासाननी त्यालाही वाकून नमस्कार केला.

मग हिमेजी.
चाकांची पिशवी ओढत एक बाई आल्या,
पिशवीतून पातीचा कांदा डोकावत होता.
निशिवाकी तोमोए, वय चौऱ्याऐंशी.
भाषण चालू असताना त्यांनी पुस्तक मधूनच उघडलं
आणि सावकाश पानं उलटत गेल्या,
जसं कुणी ओळखीच्या गल्लीत
जुनं घर शोधावं.

दोनशे तेहेतीसवर थांबल्या.
चित्राखाली आमची ओळ:
स्टेशनवरचा पाठलाग. ओसाका. चित्रकार अज्ञात.
"पळणारा मुलगा सरांचा," त्या म्हणाल्या,
"सर अज्ञात राहिले तर त्यांना आवडेल,
देणेकरी होते बरेच.
पण मागची गर्दी माझी.
टोप्या, छत्र्या, गाठोडी, सगळं.
गर्दीला चेहरे द्यायचे नाहीत, असा नियम होता,
वाचणाऱ्याचं लक्ष जातं म्हणून.
ही तिसऱ्या रांगेतली पाठमोरी,
ही माझी आई. अंबाड्यावरून कळतं."

उमेहारासान बोलायचे थांबले.
पुरावा मागायची त्यांना जन्माची खोड,
आणि मागायची लाज वाटत होती.
बाईंनीच माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं,
आमच्या जाहिरातीच्या पाठीवर तीन टोप्या काढल्या.
हात थरथरत होता.
टोप्या थरथरत नव्हत्या.

गाडीत परतताना कुणी काही बोललं नाही.
नागोयाच्या पुढं केव्हातरी त्यांनी
मांडीवरच्या पुस्तकाची पिवळी पट्टी सोडवली,
घडी घालून माझ्या हातात दिली.
रागानं नव्हे. उरलेले सुटे पैसे द्यावेत तशी.

आता मी पुन्हा त्याच दुकानांतून फिरते आहे,
पिशवीत तळहाताएवढे दोन हजार कागद.
*पान २३३. 'अज्ञात' ऐवजी वाचावे:
गर्दी – निशिवाकी तोमोए.
पाठमोरी स्त्री – त्यांची आई.*
आईचं नाव विचारायचं राहून गेलं.
फोन केला तर बाई म्हणाल्या, राहू द्या,
तिला चित्रात काढलं होतं तेच तिला पसंत नव्हतं.

एकेका प्रतीत कागद सरकवते, पट्टी काढते.
तीनशे एक्केचाळीस प्रती हातच्या गेल्या,
त्या कुणाकुणाच्या घरी आहेत, देव जाणे.

काल निइगाताचा दुकानदार ओशाळून म्हणाला,
"माफ करा, तुमची एकही खपली नाही,
वीसच्या वीस तशाच पडून आहेत."
मी इतक्या जोरात "वा!" म्हणाले
की त्यानं गल्ल्यामागून मान वर करून
माझ्याकडे नीट पाहिलं.